मक्तेदारीचा कायदा आणि रुमालाखालचा सौदा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान असे उभय समाज तेथे भक्तिभावाने जातात. टेकडीवर वाटोळे दगडी गोळे विखुरलेले आढळतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले खनिजांचे गोळे म्हणतात. परंतु लोकपरंपरेचे म्हणणे निराळे आहे, आणि ते इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांतही नमूद झालेले आहे. दोन फिरस्ते व्यापारी आपला माल घेऊन या वाटेने चालले असता त्यांनी फकिराची थट्टा केली. तेव्हा फकिराने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी शरण आले, क्षमा मागू लागले. मग त्याच फकिराने वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. तो प्रभाव पाहून ते दोघे कायमचे त्याच्या सेवेस राहिले, व टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच असे सांगतात.

या कथेतील न्याय मोठा सुटसुटीत आहे. फिर्याद नाही, नोटीस नाही, तारीख नाही, अपील तर नाहीच. व्यापाऱ्यांचा अपराध थट्टेचा होता, भाव चढविण्याचा नव्हता, हेही त्यांच्या बाजूने सांगणे न्याय्य होईल. बाजारातील बलिष्ठास वेसण घालण्याचे काम आज फकिराकडे नसून आयोगाकडे आहे, आणि त्या आयोगाचा न्याय कसा चालतो हे पाहावयाचे झाल्यास याच टेकडीच्या पायथ्याच्या काळ्या रानात पेरल्या जाणाऱ्या कापसाच्या बियाण्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे मिळणे कठीण आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'मक्ता' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला, व त्याचा मूळचा अर्थ सरकारने ठराविक रकमेस एखाद्यास दिलेला वसुलीचा अथवा विक्रीचा हक्क असा होता. म्हणजे मक्तेदार हा मुळात बाजारात जन्मलेला प्राणी नव्हे. तो सरकारदरबारी जन्मला. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवण्याजोगी आहे. कारण मक्तेदारीविरुद्ध कायदा करणारे सरकार व मक्ता देणारे सरकार ही दोन सरकारे नसून एकच असते.

इ. स. २००२ च्या मार्च महिन्यात भारत सरकारने बोंडअळीस मारक असे जनुक घातलेल्या, म्हणजे ज्यास सर्वत्र बीटी म्हणतात त्या, कापसाच्या लागवडीस परवानगी दिली. हे जनुक अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे. ते हिंदुस्थानात आणण्यासाठी जालन्याची महिको ही बियाणे कंपनी व मोन्सँटो यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको-मोन्सँटो बायोटेक नावाची कंपनी काढली. या कंपनीने देशातील चाळिसांहून अधिक बियाणे कंपन्यांस ते जनुक वापरण्याचा परवाना दिला. दुकानातील फळीवर नावे नाना प्रकारची, चित्रे नाना प्रकारची, बोंडे तर प्रत्येक पाकिटावर नारळाएवढी. परंतु आतील जनुक एकच, आणि प्रत्येक पाकिटामागे त्या जनुकाचे शुल्क एकाच घरी जाऊन पोहोचे. व्यापारात या शुल्कास 'ट्रेट व्हॅल्यू' म्हणतात. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत प्रारंभी सोळाशे ते साडेअठराशे रुपये असे व त्यातील साडेबाराशे रुपयांपर्यंतची रक्कम केवळ या शुल्काची होती. काही वर्षांतच देशातील कापसाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र या जनुकाने व्यापले.

हे शुल्क अवाजवी आहे अशी फिर्याद २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे नेली. आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात अंतरिम आदेश देऊन कंपनीस शुल्क कमी करावयास सांगितले, आणि आंध्रात पाकिटाचा दर ७५० रुपयांवर आला. महाराष्ट्रानेही २००९ साली कापूस बियाण्याच्या किमती ठरविण्याचा स्वतंत्र कायदा केला. येथवर कायद्याच्या कैवाऱ्यांस समाधान वाटावे असाच प्रकार झाला.

पुढे काय घडले ते मात्र जरा सावकाश सांगितले पाहिजे. मक्तेदारी आयोग मोडीत निघाला व त्याच्या जागी २००२ च्या नव्या कायद्यान्वये भारतीय स्पर्धा आयोग २००९ पासून काम करू लागला. या नव्या आयोगाकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाने बियाण्याचा प्रश्न सोपविला. काही बियाणे कंपन्यांनीही तक्रारी केल्या. १० फेब्रुवारी २०१६ रोजी आयोगाने प्रथमदर्शनी दोष दिसतो असे म्हणून चौकशीचा हुकूम दिला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, पेटंटाच्या शुल्काचा तंटा पेटंटाच्या कायद्याखाली सोडवावयाचा, आयोगास त्यात हात घालण्याचा अधिकार नाही. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आयोगास अधिकार आहे असे ठरविले. जुलै २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवून पेटंटाचा कायदाच येथे श्रेष्ठ आहे असे सांगितले आणि आयोगाची कारवाई रद्द ठरविली. हुकूम झाल्यापासून ती रद्द होईपर्यंत सात वर्षांहून अधिक काळ लोटला.

या सात वर्षांत गिरडच्या शेतकऱ्याने किती शुल्क भरले? येथेच गंमत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली एक साधा आदेश काढला होता. त्यान्वये मार्च २०१६ मध्ये पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये व त्यातील जनुकाचे शुल्क ४९ रुपये ठरले. पूर्वी ते दीडशे रुपयांहून अधिक होते. पुढे ते उतरत उतरत २०२० साली शून्यावर आले. दरम्यान खुद्द पेटंटाची मुदतही २०१९ मध्ये संपून गेली. म्हणजे अवाजवी शुल्काचा खटला चालविण्याचा अधिकार कोणाचा, यावर विद्वान वकिलांचा ऊहापोह चालला असता ते शुल्कच नाहीसे झाले होते. एवढेच नव्हे तर, ज्या अळीच्या नाशासाठी ते घ्यावयाचे त्या गुलाबी बोंडअळीला ते जनुक मानवेनासे राहिले नव्हते. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील बोंडे आतून पोखरून टाकली ते वर्ष कोणी कास्तकार विसरला नसेल.

मक्तेदारीविरोधी कायद्याच्या टीकाकारांचा पहिला आक्षेप या हकीकतीवरून आपोआप समजतो. कायदा मंद आहे. तो जागा होईपर्यंत बाजार बदललेला असतो. हा आक्षेप खोडून काढणे सोपे नाही, आणि तो खोडून काढण्याचा प्रयत्न येथे करावयाचाही नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. आपला पहिला मक्तेदारीविरोधी कायदा १९६९ चा. न्यायमूर्ती दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातून तो निघाला व १ जून १९७० पासून अमलात आला. ज्या उद्योगसमूहाची मालमत्ता वीस कोटी रुपयांवर असेल त्याने नवा कारखाना काढण्यापूर्वी वा जुना वाढविण्यापूर्वी सरकारची परवानगी घेतली पाहिजे, असे त्यात होते. गुन्हा घडो वा न घडो, अंगाने मोठा असणे एवढेच संशयास पुरे. वर्गातील सर्वांत उंच मुलास खोडकर समजून कायम पुढच्या बाकावर बसविणारे मास्तर असतात, त्यांपैकीच हा प्रकार. परिणाम असा झाला की, ज्यांच्याजवळ परवाना आधीच होता त्यांना नव्या प्रतिस्पर्ध्याचे भय उरले नाही. मक्तेदारी मोडावयास निघालेला कायदा जुन्या मक्तेदारांची कुंपणे राखीत बसला. १९८५ मध्ये वीसाचे शंभर कोटी झाले आणि १९९१ मध्ये ती कलमेच काढून टाकण्यात आली.

आणि याच कायद्याने सरकारी उद्योग व सहकारी संस्था यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते! ज्या काळात दिल्लीत खाजगी मक्तेदारीवर कायदा चालू होता त्याच काळात मुंबईत महाराष्ट्र सरकारने १९७१ चा कच्च्या कापसाचा कायदा करून १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. 'एकाधिकार' हे मक्तेदारीचेच सोवळे नाव. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. व्यापारी व दलाल यांच्या कचाट्यातून कास्तकारास सोडवावे हाच तो होता. परंतु गिरडच्या कास्तकारापुढे परिणामतः एकच गिऱ्हाईक उरले. प्रत ठरविणार तेच, भाव सांगणार तेच, पैसे केव्हा द्यावयाचे हेही तेच ठरविणार. चुकारे थकत. ज्या वर्षी शेजारच्या प्रांतात भाव अधिक असे त्या वर्षी रात्रीच्या अंधारात कापसाच्या गाड्या आंध्राच्या वा मध्य प्रदेशाच्या वाटेस लागत, आणि आपलाच माल आपण विकण्यास नेला म्हणून शेतकरी चोर ठरे. योजनेने कोट्यवधींचा तोटा अंगावर घेतला आणि २००२ मध्ये तिच्यातील एकाधिकार संपुष्टात आला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने सरकारच्या बाजारातील हस्तक्षेपाविरुद्ध जो आवाज उठविला त्याच्यामागे असल्या अनुभवांचे बळ होते, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा आक्षेप शोधकर्त्यांच्या बाजूचा. नवे बियाणे निर्माण करण्यास वर्षानुवर्षे लागतात. त्याचे फळ सरकारी आदेशाने कापून टाकले तर पुढील बियाणे कोण आणील? २०१६ मध्ये शुल्क कापले गेले त्याच वर्षी कंपनीने तणनाशक सोसणाऱ्या नव्या कापसाच्या परवानगीचा आपला अर्ज मागे घेतला, हे या आक्षेपाच्या पुष्ट्यर्थ सांगण्यात येते. यात धमकी किती व हिशेब किती हे ज्याचे त्याने ठरवावे.

असो. आक्षेप झाले. आता ते मांडणारांकडे वळू.

जुन्या काळी कापसाच्या बाजारात सौदा होत असे तो बोलून नव्हे. अडत्या आणि खरीददार एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत व बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारीच उभा असे. त्याला रुमाल दिसे, बोटे दिसत नसत. अडत्या आपला माणूस आहे अशी त्याची समजूत, आणि ती पुष्कळदा खरीही असे; परंतु रुमालाखाली कोणाच्या बाजूने काय दाबले गेले ते कळण्यास मार्ग नव्हता. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला, मध्यप्रांतात १९३२ साली कापूस-बाजारांचा कायदा झाला, आणि हळूहळू उघड्या लिलावाची चाल पडत गेली. या कायद्यांनी अडत्यास बाजारातून घालवून दिले नाही, तो आपली अडत घेतच राहिला. त्यांनी घालविला तो रुमाल.

मक्तेदारीच्या कायद्याविषयी जे लोकमत घडविले जाते त्यात हा रुमाल पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु टाळी ऐकू येते आणि पोळी दिसत नाही, ही खरी अडचण.

सर्वच टीकाकारांनी पोळी लपविली असे मात्र नाही. १९५६ साली मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी 'फोरम ऑफ फ्री एन्टरप्राइज' ही संस्था काढली. खाजगी उद्योगाचा कैवार घ्यावयाचा हे तिच्या नावातच लिहिलेले होते. खुद्द श्रॉफ हे टाटांच्या घराण्याशी संबंधित संचालक व १९४४ च्या प्रसिद्ध मुंबई योजनेवर सही करणाऱ्या आठ जणांपैकी एक. संस्थेने स्वस्त पुस्तिका काढल्या, व्याख्याने करविली. पुढे नानी पालखीवाला यांच्या अर्थसंकल्पावरील व्याख्यानांस क्रीडांगणे अपुरी पडू लागली. ती भाषणे ऐकणारास वक्ता कोणत्या बाजूचा आहे हे विचारावे लागत नसे. परवाना-राज्याविरुद्ध त्यांनी जे सांगितले त्यातील पुष्कळसे काळाने खरे ठरविले, आणि ते भांडवलवाल्यांच्या व्यासपीठावरून सांगितले गेले म्हणून खोटे ठरत नाही.

याच्या उलट मासला वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात सापडतो. भांबराजा व अंतरगाव या दोन गावांत बीटी कापसाने सोने पिकविले, तेथे आत्महत्या नाहीत, अशा आशयाचा पानभर वृत्तांत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बातमी म्हणून आला. तोच मजकूर जवळजवळ शब्दशः २८ ऑगस्ट २०११ रोजी त्याच पत्रात पुन्हा छापला गेला. या वेळी मात्र तो बातमी म्हणून नव्हे, तर जाहिरातदाराच्या पानावर जी गोलमाल शब्दयोजना असते तिच्या आडोशाने. त्या सुमारास दिल्लीत जैवतंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक संसदेपुढे यावयाचे होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी १० मे २०१२ च्या 'द हिंदू'मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली; २००८ च्या वृत्तांताखालीच, यवतमाळचा दौरा महिको-मोन्सँटो बायोटेकने आखून दिला होता अशी टीप होती, हेही त्यांनी दाखविले. वृत्तांत वार्ताहरांचाच होता, आपण प्रवासाची सोय तेवढी केली, असे कंपनीचे म्हणणे. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीचे सदस्य भांबराज्यास गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना जे सांगितले त्यात सोन्याचा उल्लेख नव्हता, आत्महत्यांचा होता. याच कंपनीच्या आणखी एका जाहिरातीत बीटीने कापूस उत्पादकांचे उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांनी वाढविल्याचा दावा होता. तक्रार होताच जाहिरात मानक परिषदेने तो दावा सिद्ध झालेला नाही असा निर्णय दिला.

या जाहिरातींत मक्तेदारी हा शब्द कोठेही नव्हता, असे कोणी म्हणेल. नव्हता हे खरे. परंतु शुल्क वाजवी की अवाजवी या प्रश्नाचे उत्तर जनुकाने शेतकऱ्याचा किती फायदा केला यावर अवलंबून असते, आणि तो फायदा किती झाला हे लोकांच्या मनावर अशाच पानांनी बिंबविले जात होते. आयोगापुढील युक्तिवादाची पूर्वतयारी वाचकाच्या सकाळच्या चहाबरोबरच होत होती म्हणावयाची.

अमेरिकेत तर या कलेची बरीच प्रगती झाली आहे. तेथील मूळ कायदा १८९० चा, शर्मनचा. त्यावर सर्वांत परिणामकारक टीका रॉबर्ट बोर्क या कायदेपंडिताने १९७८ च्या आपल्या ग्रंथात केली आणि न्यायालयांचा कलच फिरविला. तो ग्रंथ मतभेद असणारांनीही वाचावा असा आहे. परंतु याच बोर्कसाहेबांनी २०१२ मध्ये गूगल कंपनीवर या कायद्याखाली कारवाई होऊ नये असे प्रतिपादन करणारा जो निबंध सहलेखकासह लिहिला त्याचा खर्च गूगलने सोसला होता. न्यायाधीशांस अर्थशास्त्र शिकविण्याचे वर्ग हेन्री मॅन नामक प्राध्यापकाने १९७६ पासून चालविले. त्यांस उद्योगसंस्थांच्या देणग्या होत्या, आणि १९९० पर्यंत अमेरिकेच्या संघ-न्यायालयांतील पुष्कळ मोठा न्यायाधीशवर्ग त्या वर्गांतून शिकून गेला. जॉर्ज मेसन विद्यापीठातील एक संस्था निरनिराळ्या देशांच्या स्पर्धा-अधिकाऱ्यांस शिकविते. तिला गूगल, ॲमेझॉन व क्वालकॉम यांचा पैसा असल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२० मध्ये उघड केले. विद्यार्थ्याची फी परीक्षार्थीने भरावी तर पेपर कसे तपासले जातील हा विचार शाळामास्तरांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

कायद्याच्या बाजूने बोलणारे मात्र भाकरीवाचून बोलतात की काय? तसे मुळीच नाही. जयपूरच्या 'कट्स' या ग्राहकसंस्थेने २००० सालापासून हिंदुस्थानासह सात देशांच्या स्पर्धा-कायद्यांचा अभ्यास केला व नव्या कायद्याचा आग्रह धरला, त्या कार्यास ब्रिटिश सरकारच्या विकास-खात्याचे साहाय्य होते. संस्थेने ते लपविले नाही. बियाण्याच्या तंट्यात आयोगाकडे गेलेल्या कंपन्या तरी कोण? त्याच जनुकाच्या परवानाधारक, ज्यांचा शुल्काच्या थकबाकीवरून मालकाशी झगडा चालू होता. पुढे मार्च २०२१ मध्ये त्यांच्यातील अग्रणी नुझिवीडू व मोन्सँटो यांनी आपसात तडजोड करून खटले मिटविले; त्या तडजोडीत शेतकऱ्यास कोणी विचारले नाही. बियाणे कंपन्यांच्या संघटनेतही २०१६ मध्ये फूट पडली. शोधाचे पेटंट जपू पाहणाऱ्या कंपन्यांनी आपला निराळा संघ काढला. तेव्हापासून दिल्लीत बियाण्याविषयी दोन सुरांत निवेदने जातात व दोन्ही निवेदनांत 'शेतकऱ्यांच्या हिताचा' उल्लेख पहिल्याच परिच्छेदात असतो.

आणि शेतकरी? त्याचा हिशेब करून पाहावा. पाच एकर कापूस, एकरी दोन पाकिटे, पाकिटामागे दीडशे रुपये शुल्क: वर्षास दीड हजार रुपये. दीड हजार रुपये त्याच्या दृष्टीने थोडे नाहीत. परंतु त्यासाठी दिल्लीचे तिकीट काढून वकील लावणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. ज्या कंपनीकडे असे दीडशे दीडशे रुपये कोट्यवधी पाकिटांमागे गोळा होतात तिला मात्र उत्तमोत्तम वकील, पंडित, वार्ताहर व परिषदा परवडतात. विखुरलेली हानी मुकी असते आणि एकत्र झालेला लाभ बोलका असतो. त्यामुळे या विषयावर जे जे ऐकू येते त्यातील बहुतेक कोणीतरी पैसे देऊन बोलविलेले असते, मग ते कायद्याच्या बाजूचे असो वा विरुद्ध. यास्तव पैसे घेतले म्हणून युक्तिवाद फेकून द्यावा असे ठरविल्यास कोर्टे बंद करावी लागतील. वकील हा पैसे घेऊनच बोलतो. मात्र त्याचे वकीलपत्र आधी न्यायाधीशापुढे दाखल होते, आणि मगच त्याला तोंड उघडता येते. वृत्तपत्रातील लेखास, विद्यापीठातील निबंधास, परिषदेतील भाषणास अशा वकीलपत्राची सक्ती आपल्याकडे नाही. स्पर्धेविषयी लोकजागृती करणे हे खुद्द आयोगाचे कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य आहे. त्यापुढे येणाऱ्या अभ्यासांचा व अहवालांचा खर्च कोणी केला हे प्रत्येक वेळी छापण्याचा नियम करण्यास आयोगास कोणा पंडिताच्या परवानगीची गरज पडू नये.

पैशाचा संबंध नसलेला टीकाकारही असतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर या गावी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहिष्णू बियाणे उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. सरकार आम्हांस तंत्रज्ञान वापरू देत नाही, हीच खरी मक्तेदारी, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. तुरुंगाची तयारी ठेवून बोलणाऱ्याचे मत चूक असू शकते; त्याची पोळी कोठली असे विचारावे लागत नाही.

त्या बियाण्यास विदर्भात 'चोरबीटी' म्हणतात. जून उजाडला की ते परप्रांतातून येते, हातोहात विकले जाते. त्यावर आयोगाची देखरेख नाही, किमतीचा सरकारी आदेश नाही, पेटंटाचे शुल्क नाही, आणि प्रचारास एक पैचाही खर्च नाही. समुद्रपूरच्या दुकानात राजरोस मिळणाऱ्या पाकिटाची कमाल किंमत सरकार दरवर्षी ठरविते व त्याची पावती मिळते. चोरबीटीचा भाव अंधारात ठरतो, पावती मिळत नाही. आणि ते उगवले नाही तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या कास्तकारास पहिला प्रश्न पावतीचाच विचारला जातो.